वीज गेली, नळ आटला, तरी चूल पेटली पाहिजे

राजधानीतली घरे सोयींनी भरलेली आहेत. पण यातल्या बहुतेक सोयी एकाच तारेला टांगलेल्या असतात. ती तार तुटली, कालवा फुटला किंवा रस्ता अडला, तर आपले घर किती दिवस तग धरेल? हा हिशेब संकट येण्याआधीच मांडलेला बरा.

३० जुलै २०१२. श्रावणातला सोमवार. पहाटेचे अडीच वाजून गेले होते. दिल्लीत अंगाला चिकटणारा दमट उकाडा होता आणि अचानक घराघरांतले पंखे थांबले. झोपमोड झालेल्या माणसांनी आधी आपला फ्यूज पाहिला, मग बाल्कनीत येऊन शेजारच्या इमारतीकडे नजर टाकली. तिथेही अंधार होता. समोरच्या कॉलनीत अंधार, रस्त्यावरही अंधार. ‘येईल थोड्या वेळात’ असे म्हणत लोकांनी कूस बदलली.

वीज थोड्या वेळात आली नाही. उजाडले तेव्हा कळले की फक्त दिल्लीच नव्हे, तर पंजाबपासून उत्तर प्रदेशापर्यंतचे सारे उत्तर ग्रिड कोसळले आहे. मेट्रो थांबली होती, रेल्वेगाड्या वाटेत उभ्या होत्या. वरच्या टाक्यांत पाणी चढेना, कारण पंप बंद. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होते, तेही सकाळपर्यंत टूं टूं करून गप्प झाले. संध्याकाळपर्यंत वीज परतली आणि लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास ग्रिड पुन्हा कोसळले. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिडही गेले. वीस-बावीस राज्ये आणि साठ कोटींच्या वर माणसे अंधारात गेली. जगाच्या इतिहासात एवढ्या लोकांची वीज एकाच वेळी कधी गेली नव्हती. त्या वेळी केंद्रात ऊर्जामंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, आणि योगायोग असा की त्याच दिवशी त्यांच्याकडे गृहखाते सोपवण्यात आले.

नंतरच्या चौकशीत दिसले की काही वाहिन्या आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार वाढला होता आणि बीना-ग्वाल्हेर ही वाहिनी बंद पडताच पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे सगळे कोसळत गेले. बिघाड झाला मध्य प्रदेशात आणि दूध नासले दिल्लीतल्या फ्रीजमध्ये.

संकट दूरचे, झळ घरातली

दिल्लीकराच्या संसाराची ही मुख्य अडचण आहे. हे शहर आपल्या गरजेच्या फार थोड्या वस्तू स्वतः निर्माण करते. वीज बहुतेक बाहेरून येते. पाणी यमुनेतून, हरियाणातून येणाऱ्या मुनक कालव्यातून आणि उत्तर प्रदेशातून येणाऱ्या गंगेच्या पाण्यातून मिळते. भाजीपाला आझादपूर मंडईत उतरतो, पण तो पिकतो शेकडो मैल दूर. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद इथेही परिस्थिती वेगळी नाही.

गेल्या काही वर्षांतले प्रसंग आठवून पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातल्या जाट आरक्षण आंदोलनात मुनक कालव्याचे नुकसान झाले आणि दिल्लीच्या मोठ्या भागाचे पाणी तुटले. बहुतेक जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली, कालवा ताब्यात घ्यायला लष्कर पाठवावे लागले आणि २२ फेब्रुवारीला शाळांना सुट्टी द्यावी लागली. जुलै २०२३ मध्ये तर उलटेच झाले. १३ जुलैला यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ च्या महापुराचा विक्रम मोडला. पाणी लाल किल्ल्याजवळच्या रस्त्यांवर आले, पण नळाला येईना. कारण वजीराबाद, चंद्रावल आणि ओखला इथली शुद्धीकरण केंद्रेच पुराच्या पाण्यामुळे बंद करावी लागली होती.

जून २०२४ च्या कडक उन्हाळ्यात, ११ तारखेला दुपारी, उत्तर प्रदेशातल्या मंडोला इथल्या उपकेंद्रात आग लागली आणि दिल्लीच्या अनेक भागांतली वीज गेली. त्यानंतर आठच दिवसांनी, १९ जूनला, दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर पोहोचली. तोपर्यंत एवढी मागणी कधीच नोंदली गेली नव्हती.

आणि कांदा? तो तर मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा. १९९८ मध्ये अवेळी पावसाने पीक गेले, लासलगावच्या बाजारात आवक घटली आणि दिल्लीत कांदा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. त्या नोव्हेंबरात झालेल्या निवडणुकीत दिल्लीतले सरकार पडले. त्यात कांद्याचा वाटा मोठा होता, असे आजही सांगितले जाते.

पूर्वी सवय होती

जुने दिल्लीकर सांगतात, ‘डेसू’च्या काळात वीज रोजच जायची. करोलबागेत काय, पहाडगंजमध्ये काय, उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे घातली जात. प्रत्येक घरात मेणबत्ती, काडेपेटी, हातपंखा आणि सुरई ठरलेल्या जागी असे. गॅसला लांबलचक प्रतीक्षायादी असल्याने रॉकेलचा स्टोव्हही कोपऱ्यात तयार असे. ‘डेसू’ जाऊन विद्युत बोर्ड आले आणि जुलै २००२ मध्ये वीजवितरण खासगी कंपन्यांकडे गेले. तेव्हा निम्म्याहून अधिक वीज गळती आणि चोरीत जात होती. आज हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले आहे आणि वीज जाणेही पुष्कळ कमी झाले आहे.

हे चांगलेच झाले. पण याचा एक परिणाम असा की घरे गाफील झाली. पूर्वी वीज गेली की पंखा आणि दिवा जात असे. आज तिच्याबरोबर लिफ्ट, पाण्याचा पंप, आरओ, इंडक्शन, वाय-फाय, फोनचे चार्जिंग आणि फोन गेला की त्यातले पैसेही जातात. दूध आणायचे तर फोनवरून मागवायचे, पैसे द्यायचे तर फोनवरूनच. घरात मेणबत्ती शोधायची तर फोनचाच दिवा लावावा लागतो!

म्हणून घाबरून जाण्याची गरज नाही. आपल्या आजी-पणजीकडे यासाठी एक सुंदर शब्द होता, बेगमी. कोकणात मिरगाच्या आधी जळण, धान्य, सुके मासे, पापड, लोणची यांची तयारी होत असे. चार महिने पावसाने वाट अडवली तरी घर अडू नये, एवढाच त्यामागचा विचार. तीच बेगमी दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कशी करायची, एवढेच आज शिकायचे आहे.

आधी रविवारची तालीम

बाजारात जाऊन वस्तू आणण्याआधी एक सोपा प्रयोग करावा. एखाद्या रविवारी सकाळी घरातल्या सर्वांना सांगून तीन तास मेन स्विच बंद ठेवावा. इन्व्हर्टरही लावू नये. पाण्याचा मुख्य कॉकही बंद करावा. मात्र घरात कोणी वैद्यकीय यंत्रावर असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये.

या तीन तासांत प्रत्येकाने आपली अडचण कागदावर लिहावी. बॅटरी सापडली का? सापडली तर तिच्यातले सेल चालू होते का? गॅसचा लायटर विजेवरचा तर नाही? पिण्याचे पाणी किती भरलेले होते? आजोबांच्या गोळ्या कुठे असतात, हे आईखेरीज कोणाला ठाऊक आहे का? वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक फोनमध्ये आहे, पण फोन बंद पडला तर? दोन-तीन तासांत जी यादी तयार होते, ती कोणत्याही तज्ज्ञाच्या यादीपेक्षा आपल्या घराला अधिक उपयोगी पडते.

मग ती यादी तीन भागांत वाटावी. पहिल्या तासात काय लागेल, पहिल्या दिवसात काय लागेल आणि तिसऱ्या दिवसापर्यंत काय लागेल. पहिल्या तासात उजेड आणि धीर लागतो. पहिल्या दिवसात पाणी, स्वयंपाक आणि झोप यांचा प्रश्न येतो. तिसऱ्या दिवशी औषधे, रोख पैसे आणि शेजार उपयोगी पडतो.

इन्व्हर्टरचे गणित

दिल्लीत इन्व्हर्टर घरोघरी आहे. पण तो किती वेळ चालेल, हे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर येते, ‘दुकानदार म्हणाला होता, सहा-सात तास.’ हा हिशेब घरीच करता येतो.

घरातली नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची असते. दोन्हींचा गुणाकार १,८००, म्हणजे तेवढे वॅट-तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि काही वीज यंत्रातच खर्च होते. म्हणून प्रत्यक्षात साधारण १,२०० वॅट-तासच धरावेत. आता दोन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, चार एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॅटचे आणि राउटर १० वॅटचा धरला, तर बेरीज सुमारे २०० वॅट होते. म्हणजे सहा तास. तेच दोन पंखे कमी वीज खाणारे, म्हणजे ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी जातीचे असतील, तर बेरीज १०६ वर येते आणि तीच बॅटरी अकरा तास पुरते. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे किती फायद्याचे, हे या आकड्यांवरून दिसते. अर्थात बॅटरी जुनी झाली की ती कमी वेळ चालते.

बॅटरीची देखभालही महत्त्वाची आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यातल्या पाण्याची पातळी पाहावी आणि कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराच्या समईजवळ ठेवू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करावी, कारण तिच्यातले शिसे विषारी असते.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले आणि अनेकांनी पॅनेल बसवले. पण बॅटरीशिवायचा साधा संच वीज गेली की आपोआप बंद होतो, मग बाहेर कितीही ऊन असो. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांना तारेतून धक्का बसू नये, म्हणून तशी रचना केलेली असते. वीज गेल्यावरही तो चालावा असे वाटत असेल, तर बॅटरीसह चालणारा संच हवा, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

फ्रीजच्या बाबतीत सोपा नियम आहे, दार उघडू नका. न उघडलेला फ्रीज साधारण चार तास गारवा टिकवून ठेवतो. भरलेला फ्रीझर तर दोन दिवसांपर्यंत.

पाणी: साठवा, पण झाकून

चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी किती पाणी लागेल? पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरले तर ६० लिटर होते. हातपाय धुणे, भांडी आणि संडास यांसाठी काटकसरीने माणशी १० लिटर धरले तर आणखी १२० लिटर. म्हणजे एकूण १८० लिटर. ही काही फार मोठी गोष्ट नाही. पिण्याच्या पाण्यासाठी वीस-वीस लिटरचे तीन झाकणाचे कॅन आणि न्हाणीघरात एक-दोन मोठे पिंप पुरतात. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असेल तर ती भरलेली असताना जपून वापरण्याची सवयच बेगमीचे काम करते.

आरओ विजेशिवाय चालत नाही आणि नळाचा दाब कमी असला तरी अडतो. म्हणून रोज रात्री एक माठ आणि दोन-चार बाटल्या भरून ठेवण्याचा नियम करावा. टँकरचे किंवा संशयास्पद पाणी आले, तर ते स्वच्छ फडक्याने गाळून खळखळ उकळावे. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तरी ते तसेच ठेवावे. क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी औषधांच्या डब्यात असू द्यावी आणि पाकिटावरच्या सूचनेप्रमाणेच वापरावी.

मात्र एक धोका विसरू नये. साठवलेले उघडे पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. २०१५ मध्ये दिल्लीत डेंग्यूचे पंधरा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. हा डास घाणीत नव्हे, घरातल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. म्हणून पिंपावर घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून पुन्हा भरायला हवे. कूलरच्या टाकीलाही हाच नियम. काढलेले पाणी फेकू नये, ते फरशी पुसायला आणि कुंड्यांना चालते.

दोन चुली, दोन इंधने

भारत आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग आयात करतो आणि त्यातला पुष्कळसा आखाती देशांतून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केला तेव्हा तेलाचे भाव भडकले आणि त्याची झळ आपल्या देशाच्या तिजोरीपर्यंत पोहोचली. तिकडे युद्धाचे ढग जमले की इकडे गृहिणीच्या मनात सिलिंडरची काळजी सुरू होते, ती उगीच नाही.

यावर उपाय सोपा आहे. घरात दोन चुली असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या इंधनांवर चालणाऱ्या असाव्यात. गॅस असेल तर जोडीला इंडक्शन शेगडी, म्हणजे गॅस अडला तर विजेवर आणि वीज गेली तर गॅसवर चूल चालेल. इंडक्शनवर आपली कोणती भांडी चालतात, हे आधीच पाहून ठेवावे. त्यासाठी लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहावा. चिकटला तर भांडे चालेल. सिलिंडरवाल्या घरांनी १४.२ किलोचा दुसरा सिलिंडर घ्यावा आणि पहिला संपताच, दुसरा अर्धा होण्याची वाट न पाहता, नोंदणी करावी.

काटकसर तर रोजचीच. डाळ-तांदूळ भिजवून शिजवावे, कुकरचे डबे एकावर एक लावावेत, उकळी आली की आच कमी करावी. टंचाई आल्यावर या सवयी लावायला गेल्यास चिडचिड होते. आधीच असतील तर सिलिंडर काही दिवस जास्त पुरतो.

काय करू नये, हे अधिक कडक शब्दांत सांगायला हवे. पेट्रोल किंवा डिझेल घरात साठवू नये. आणि बंद खोलीत कोळशाची अंगीठी कधीही पेटवू नये. दिल्लीच्या थंडीत दरवर्षी अशा बातम्या येतात. दारे-खिडक्या लावून, अंगीठी पेटवून कुटुंब झोपते आणि सकाळी दार तोडावे लागते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. व्हरांड्यात किंवा बाल्कनीत चालवलेल्या छोट्या जनरेटरचा धूर खोलीत शिरला तरी तेच होते. थंडी कितीही असो, एक पांघरूण जास्त घ्यावे, पण विस्तव खोलीबाहेरच ठेवावा.

फळीवरची बेगमी

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या. त्या रात्री ज्यांच्या घरी दोन आठवड्यांचा शिधा होता, त्यांना गर्दीत उभे राहावे लागले नाही.

दोन आठवड्यांचा शिधा म्हणजे पोतीच्या पोती नव्हेत. एक फळी पुरते. कणीक, तांदूळ, दोन प्रकारच्या डाळी, तेल, मीठ, साखर, गूळ, चहा, दूध पावडर हे झाले मूळ. मग आपल्या मराठी स्वयंपाकघराचे खास सैनिक. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी, सांडगे, पापड, लोणचे. ताजी भाजी मिळाली नाही तरी सांडग्यांची आमटी आणि पिठले-भात यावर चार दिवस निघतात. आणि चूलच पेटली नाही, तर दडपे पोहे आहेतच. मे महिन्यातल्या दिल्लीच्या उन्हात वाळवणे किती झटपट वाळतात, हे इथे राहणाऱ्या कोणत्याही मराठी बाईला विचारावे!

साठवणीचा नियम एकच. आधी आणलेले आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. फळीवरची वस्तू रोजच्या वापरातलीच असावी, म्हणजे वाया जात नाही. धान्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात, हे उपाय आजही उत्तम. लहान मुलाचे दुधाचे डबे, सॅनिटरी पॅड, साबण हेही यादीत असू द्यावेत.

औषधांच्या शेजारी एक पाकीट ठेवावे आणि त्यात दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा असाव्यात. फार नकोत, आठवड्याचे दूध, भाजी आणि रिक्षा भागेल एवढ्याच. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले की भाजीवाल्याचा चौकोनी कागद उपयोगी पडत नाही.

घरात आजारी किंवा वृद्ध असतील तर

खरी कसोटी इथे लागते. पंख्याशिवाय तरुण माणूस रात्र काढतो, पण ऐंशी वर्षांच्या आजींना ते सोसत नाही. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वीज गेली तर वृद्ध आणि लहान मुलांना घरातल्या सर्वांत थंड खोलीत, शक्य असल्यास खालच्या मजल्यावर न्यावे. ओला पंचा मानेवर, कपाळावर ठेवावा, हाताने वारा घालावा, थोडे थोडे पाणी पाजत राहावे. ओआरएसची पाकिटे घरात हवीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंग गार करत लगेच रुग्णालय गाठावे. तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही.

इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवतात, पण वीज गेली म्हणून ते लगेच निकामी होत नाही. मातीच्या दोन कुंड्या एकात एक ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरली, तर आतल्या कुंडीत बराच गारवा राहतो. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात ठेवावी. ती थेट बर्फावर ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. किती दिवस चालेल, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीने ऑक्सिजनची टंचाई अनुभवली. तेव्हापासून अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. हे यंत्र ३५० वॅटच्या आसपास वीज घेते. वरच्या हिशेबाने नेहमीच्या बॅटरीवर ते साडेतीन तासही चालणार नाही. ज्यांच्या घरी रुग्ण सतत ऑक्सिजनवर आहे, त्यांनी भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा, तो लावायला घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्यावे आणि जवळच्या रुग्णालयात रात्री जायचे तर कसे, हेही ठरवून ठेवावे. नेहमीची औषधे संपायच्या आधी पंधरा दिवसांची जास्त असावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची कागदी प्रत डब्यात असावी.

चौदावा मजला आणि शेजार

नोएडा किंवा गुरुग्राममधल्या उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघेही कामावर, घरी आई आणि शाळेतून येणारा मुलगा. लिफ्ट बंद पडली तर आई खाली येऊ शकत नाही आणि मुलगा वर जायला घाबरतो. बहुतेक सोसायट्यांत जनरेटर असतो, पण तो किती वेळ चालेल आणि त्यावर लिफ्ट चालते की फक्त जिन्यातले दिवे, हे रहिवाशांना ठाऊक नसते. शिवाय हवा बिघडली की राजधानी परिसरात डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. सोसायटीच्या सभेत हा प्रश्न स्पष्ट विचारला पाहिजे. पाण्याचा पंप आणि एक लिफ्ट यांना पहिला मान, एसीला शेवटचा, असे ठरवून घेतले पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या एखाद्या कुटुंबाशी बोलून ठेवले, तर मुलगा तिथे तासभर अभ्यास करीत बसू शकतो. त्या बदल्यात त्यांचे सिलिंडर अडले, तर वरच्या घरातून डबा जाऊ शकतो.

बेगमी म्हणजे साठेबाजी नव्हे. टंचाईची बातमी येताच दहा किलो कांदे आणि पाच तेलाचे डबे घरात आणणारा माणूस दुकान रिकामे करतो आणि भाव वाढवतो. त्याची झळ बसते ती रोज कमावून रोज खाणाऱ्याला. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई ज्या वस्तीत राहते, तिथे टँकर आला की बादल्या घेऊन धावावे लागते. टंचाईच्या दिवसांत ती उशिरा आली तर ओरडण्याआधी ती कुठे उभी होती, हे विचारावे. बेगमी शांततेच्या काळात, थोडी थोडी करायची असते, म्हणजे संकटाच्या दिवशी रांगेतली एक जागा गरजू माणसासाठी मोकळी राहते.

३१ जुलै २०१२ च्या रात्रीपर्यंत वीज परत आली होती. दुसऱ्या दिवशी पंखे फिरू लागले आणि बहुतेक घरे ती गोष्ट विसरून गेली. पण काही घरांत त्या आठवड्यात एक यादी लिहिली गेली असेल, एक माठ आणला गेला असेल, औषधांच्या डब्यात बॅटरीचे सेल पडले असतील. पुढच्या वेळी पंखे थांबले, तेव्हा त्या घरात आजींनी विचारले असेल, ‘गेली का वीज?’ आणि नातवाने अंधारातच हात लांबवून ठरलेल्या जागेवरची बॅटरी लावली असेल.

हे कागदावर लिहून दाराच्या मागे लावा

• वीज तक्रार: १९१२. गॅस गळती: १९०६. दिल्ली जल बोर्ड: १९१६. कोणतेही संकट: ११२.

• वीज आणि गॅसचे ग्राहक क्रमांक, डॉक्टर, दोन शेजारी आणि एका नातेवाइकाचा फोन नंबर हाताने लिहिलेला असावा.

• बॅटरी, सेल, काडेपेटी आणि चार्ज केलेली पॉवर बँक एकाच ठरलेल्या जागी असाव्यात. मेणबत्ती पडद्यापासून दूर, ताटलीत उभी करावी आणि झोपताना विझवावी.

• वीज गेली की इस्त्री, गिझर, एसीचे स्विच बंद करावेत. वीज परतल्यावर दहा मिनिटे थांबून एकेक लावावे.

• नळ कोरडा असताना तोटी उघडी राहिली नाही ना, हे घराबाहेर पडण्यापूर्वी पाहावे.

• गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन फोन करावा.

• पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा, बॅटरीचे पाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा आणि रविवारची तालीम वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि थंडीआधी.